शेवटचे पंधरा अंश : सरळ न होणाऱ्या एका गुडघ्याचं प्रकरण

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा उजव्या पायाची टाच जमिनीला नीट टेकत नव्हती. भार चवड्यावर, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल आखूड. वय ३४. गुडघ्याची आधीची कसलीही तक्रार नाही. तीन आठवड्यांपूर्वी खालच्या कप्प्यातलं जड खोकं काढायला त्या उकिडव्या बसल्या. खोकं हातात घेऊन डावीकडे वळत उठताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी ‘टक्’ झालं. दुखलं, पण त्या उभ्या राहिल्या आणि दिवसभर चालल्याही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला होता आणि सरळ होत नव्हता. त्या दिवसापासून तो सरळ झालाच नाही.

माझ्याकडे येण्याआधी एक्स-रे झाला होता. हाडं शाबूत होती, म्हणून त्यांना स्नायू आखडल्याचं सांगून वेदनाशामक गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा दिला होता. घरच्यांपैकी कुणी तरी पाय धरून ओढूनही पाहिला होता, ‘नस चढली असेल’ म्हणून. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही नोंद त्यांच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाबतीत काहीही बदललेलं नाही, माझी चूकसुद्धा नाही.

पहिला आठवडा

ती चूक आधीच सांगतो. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू हाताला दगडासारखे लागत होते. दुखऱ्या सांध्याला जपण्यासाठी हे स्नायू आवळून बसतात आणि गुडघा वाकलेला धरून ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला गुडघा अडकलाय असं वाटतं, प्रत्यक्षात आत काहीच अडकलेलं नसतं. याला आम्ही खोटं लॉकिंग म्हणतो, आणि ते वरचेवर दिसतं. मी तेच गृहीत धरलं. शेक, स्नायू सैल करण्याचे व्यायाम, आणि पालथं झोपून पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडणं, असा आठवडाभराचा कार्यक्रम दिला.

मोजमाप मात्र पहिल्याच दिवशी घेतलं होतं, आणि त्यानेच पुढे मला वाचवलं. रुग्णाला पालथं झोपवायचं, मांड्या पलंगावर आणि गुडघ्याखालचा भाग बाहेर मोकळा. मग दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायचा. साधारण १ सेंटीमीटर फरक म्हणजे जवळपास १ अंश सरळपणा कमी. पहिल्या दिवशी फरक १५ सेंटीमीटर होता. आठवड्यानंतर हॅमस्ट्रिंग बरेच सैल झाले होते, दुखणंही उतरलं होतं, आणि फरक तितकाच, १५ सेंटीमीटर.

स्नायूने धरलेला गुडघा असा वागत नाही. टाचेखाली हात ठेवून तो सावकाश, मिनिटभर दाब देत सरळ करत राहिलं, तर दोन-तीन अंश तरी देतो. हा गुडघा एका ठराविक जागी यायचा, तिथे थांबायचा, आणि दाब सोडला की हलकीशी उसळी घेऊन मागे यायचा. दाराच्या फटीत रबराचा तुकडा अडकला असेल तर दार ढकलल्यावर हाताला जसं लागतं, तसंच. ही उसळी पहिल्या दिवशीही असणारच. दुखण्यामुळे मी टोकापर्यंत नेऊन तपासलं नाही, हे खरं. पण न तपासताच निष्कर्ष काढला, तिथे चुकलो.

पेनाचे दोन ठिपके

त्या दिवशी मी त्यांना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं. दोन्ही गुडघे काटकोनात. प्रत्येक गुडघ्यावर पेनाने दोन ठिपके काढले : एक वाटीच्या मध्यावर, दुसरा त्याखाली नडगीच्या वरच्या टोकाला हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर. वाटीखालची जाड कंडरा तिथेच येऊन चिकटते. काटकोनात दोन्ही ठिपके जवळपास एका उभ्या रेषेत होते, दोन्ही पायांवर.

मग डावा, म्हणजे चांगला गुडघा त्यांना हळूहळू सरळ करायला सांगितला. अर्ध्याहून जास्त वाटचालीत काही विशेष घडलं नाही. शेवटच्या टप्प्यात खालचा ठिपका बाहेरच्या बाजूला सरकला. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा फिरतोय का?”

फिरतोच. उजवा गुडघा अडकला त्या जागी थांबला, आणि त्याचे ठिपके शेवटपर्यंत एका रेषेत राहिले. या साध्या तपासणीला हेल्फेट चाचणी म्हणतात. यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि गुडघ्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज ती डोळ्यांदेखत दूर करते.

तो गैरसमज असा की गुडघा म्हणजे बिजागरी. बिजागरीला एकच आस असते आणि ती जागची हलत नाही. गुडघ्यात मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोलसर उंचवट्यांनी नडगीच्या हाडाच्या माथ्यावर टेकलेलं असतं, आणि हे दोन उंचवटे सारखे नाहीत. आतल्या उंचवट्याचा सांध्यातला पृष्ठभाग पुढून मागे जास्त लांब आहे. शिवाय नडगीच्या माथ्याची आतली बाजू खोलगट असते, तर बाहेरची जवळपास सपाट, किंचित फुगीरसुद्धा. त्यामुळे गुडघा सरळ होत आला की बाहेरच्या उंचवट्याची वाट आधी संपते आणि आतल्याची थोडी उरते. ती उरलेली वाट सरळ रेषेत कापता येत नाही, फिरूनच कापावी लागते. पाय अधांतरी असेल तर नडगी बाहेर वळते. पाऊल जमिनीवर रोवलेलं असेल तर मांडीचं हाड आत वळतं. हे वळण शेवटच्या २० ते ३० अंशांत होतं आणि ते साधारण १० अंशांच्या आसपास भरतं. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना छेद देणारी दोन क्रुशिएट लिगामेंट (लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा) ताणली जातात, तीही या वळणाला दिशा देतात.

वळण पूर्ण झालं की गुडघा कुलूपबंद होतो. बाजूची लिगामेंट आणि मागचं सांध्याचं आवरण ताठ होतं, शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या किंचित पुढून जाते, आणि मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूला जवळपास काहीच काम उरत नाही. आपण बराच वेळ उभे राहू शकतो त्यामागे हे आहे. उभं असताना आपली वाटी बोटांनी हलवून पाहा, ती सैल असते. आता गुडघा किंचित वाकवा. वाटी लगेच घट्ट बसते, कारण क्वाड्रिसेप्स कामाला लागलेला असतो. या बाईंचा उजवा क्वाड्रिसेप्स महिनाभर असाच अखंड कामाला लागलेला होता, आणि वाढत्या ताणामुळे आता त्यांना वाटीमागेही दुखू लागलं होतं.

कुलूप उघडायलाही एक स्नायू आहे, पॉप्लिटियस. गुडघ्याच्या मागे, खोलवर, छोटासा, तिरका. पाऊल जमिनीवर असताना गुडघा वाकायला लागला की तो मांडीच्या हाडाला बाहेर वळवतो आणि वाट मोकळी करतो. त्याचं नावही कुणाला माहीत नसतं, पण उभ्या अवस्थेतून टाकलेल्या प्रत्येक पावलात तो असतो.

आत काय अडकलं होतं

ठिपके एका रेषेत राहिले याचा अर्थ शेवटचं वळण घडतच नव्हतं, आणि उसळी सांगत होती की आड येणारी वस्तू हाड नाही, काहीतरी लवचिक आहे. मी गुडघा जोर लावून फिरवण्याच्या चाचण्या मुद्दाम टाळल्या. पुढचं क्रुशिएट लिगामेंट तेवढं तपासलं : गुडघा २०-३० अंश वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. नडगी थोडी आली आणि दोरी ताणल्यासारखी खटकन थांबली. लिगामेंट शाबूत होतं. इतिहासही तेच सांगत होता. हे लिगामेंट तुटलं की बहुधा काही तासांतच गुडघा रक्ताने टम्म भरतो. इथे सूज रात्रभरात, सावकाश आली होती. आतल्या बाजूच्या सांध्याच्या रेषेवर बोट ठेवलं तर मात्र त्या दचकल्या. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली आणि एमआरआय झाला.

मेनिस्कस, म्हणजे लोक ज्याला गुडघ्याची गादी म्हणतात, ती प्रत्येक गुडघ्यात दोन असतात. आतली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी उघडी, बाहेरची जवळपास पूर्ण वर्तुळाची. काप घेतला तर त्या पाचरीसारख्या दिसतात : बाहेरची कड जाड, आतली पातळ. गोल उंचवटा आणि सपाट माथा यांच्यातली पोकळी त्या भरून काढतात आणि भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवतात. सरळ गुडघ्यात सुमारे निम्मा भार त्यांच्यातून जातो, काटकोनात वाकवलेल्या गुडघ्यात तो ८५ टक्क्यांच्या घरात जातो. ‘गादी’ हा शब्द मला पूर्ण पटत नाही. गादी दबते आणि पडून राहते. मेनिस्कसमधले बहुतेक तंतू कडेला समांतर, गोलाकार जातात. वरून भार आला की पाचर बाहेर ढकलली जाते, आणि पिंपाला घातलेल्या लोखंडी पट्ट्यासारखे हे तंतू ताणले जाऊन तिला जागेवर धरतात. दाबाचं रूपांतर ताणात होतं. शिवाय गुडघा वाकताना मेनिस्कस मागे सरकतात. बाहेरची जवळपास १ सेंटीमीटर, आतली त्याच्या निम्मीच, कारण आतली बाजूच्या लिगामेंटला आणि आवरणाला जास्त घट्ट चिकटलेली आहे. जी सरकून निसटू शकत नाही, ती जास्त सापडते.

या बाईंचं नेमकं तेच झालं. पूर्ण वाकलेला गुडघा, त्यावर अंगाचा आणि खोक्याचा भार, पाऊल जमिनीवर रोवलेलं आणि धड डावीकडे वळलेलं. मांडीचं हाड नडगीवर आत फिरलं, आतल्या मेनिस्कसचा मागचा भाग चिमटीत सापडला आणि तंतूंच्या दिशेने उभी फाट गेली. फाट लांबत गेली की आतली पट्टी दोन्ही टोकांना चिकटलेली राहते आणि मधून सुटून सांध्याच्या मध्यभागी उलटते. बादलीची कडी एका बाजूला पडावी तशी. या फाटीचं नावही तेच आहे, बादलीच्या कडीची फाट. एमआरआयच्या बाजूने घेतलेल्या चित्रात मागच्या क्रुशिएट लिगामेंटच्या खाली, त्याला समांतर, अगदी तसाच दुसरा काळा पट्टा दिसत होता. तिथे दुसरं लिगामेंट नसतं. ती जागा सोडून आलेली मेनिस्कस होती, आणि गुडघ्याचं शेवटचं वळण तिच्यावरच अडत होतं.

कापायचं की शिवायचं

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण या निर्णयामागे शंभराहून जास्त वर्षांची उलथापालथ आहे. एडिनबरा येथे थॉमस अ‍ॅनन्डेल या शल्यविशारदाने १८८३ साली फाटलेली मेनिस्कस टाके घालून जागेवर बसवली होती. पण त्याच काळात मेनिस्कस म्हणजे पायाच्या स्नायूचा बिनकामाचा उरलेला अवशेष, असं मत मांडलं गेलं, आणि ते कित्येक दशकं टिकलं. फाटली की काढून टाका, हाच नियम झाला. १९४८ साली ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमधले बदल मांडले : सांध्यातली फट अरुंद होणं, उंचवटा चपटा होणं, हाडाच्या कडेला कंगोरा येणं. म्हणजे सांधा झिजत होता. कारण सरळ आहे. पाचर गेली की भार पेलणारा पृष्ठभाग निम्म्याच्या आसपास येतो आणि कूर्चेवरचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावरचा, दाब त्या प्रमाणात वाढतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिची झीज भरून येत नाही. वयाच्या ३४ व्या वर्षी मेनिस्कस गमावणं म्हणजे पुढची सगळी वर्षं त्या वाढलेल्या दाबाखाली काढणं.

मग प्रत्येक फाट शिवत का नाहीत? कारण मेनिस्कसलाही रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, साधारण बाहेरच्या एक तृतीयांशापर्यंत. आतल्या भागात रक्त पोहोचत नाही, तिथले टाके बहुधा धरत नाहीत. या बाईंची फाट लांब होती, पण बाहेरच्या कडेजवळ, रक्त असलेल्या पट्ट्यात. सुटलेली पट्टी अखंड होती, चेंदामेंदा झालेला नव्हता. क्रुशिएट लिगामेंट शाबूत असल्याने सांधा डगमगणार नव्हता. आणि इजा जुनी झालेली नव्हती, तरी दिवस चाललेच होते. अडकलेल्या गुडघ्यावर चालत राहिलं की उलटलेली पट्टी दर पावलाला चिरडत जाते, आणि काही आठवड्यांनी शिवण्याजोगं काही उरत नाही. माझा वाया गेलेला आठवडा मला इथे खुपतो.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. पट्टी हुकाने हलकेच दाबून जागेवर बसवली, फाटीच्या कडा खरवडून रक्त आणलं आणि टाके घातले. शल्यविशारदांनी नंतर फोनवर एवढंच सांगितलं की पट्टी जागेवर बसताच गुडघा टेबलावर आपोआप सरळ झाला.

शिवल्यानंतर

टाके धरेपर्यंतचे सहा आठवडे नियम कडक होते. चालताना ब्रेस, म्हणजे गुडघ्याचा कडक आधारपट्टा, गुडघा पूर्ण सरळ ठेवून बंद. वाकवायचं तर भार न देता आणि ९० अंशांपर्यंतच. लोकांना हे उलटं वाटतं : टाके आहेत आणि तरी सरळ पायावर उभं राहायचं? पण उभ्या फाटीत सरळ गुडघ्यावर आलेला भार पाचर बाहेर ढकलतो आणि फाटीच्या कडा एकमेकींवर दाबतो. खोल वाकवलं की मागचा भाग ओढला जातो आणि टाक्यांवर ताण येतो.

खरी लढाई क्वाड्रिसेप्सशी झाली. वाटीच्या १० सेंटीमीटर वर मांडीचा घेर डाव्यापेक्षा अडीच सेंटीमीटरने कमी होता. तिसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, गुडघ्याखाली माझा हात आहे, तो पलंगावर दाबा. त्या मांडीकडे एकटक बघत राहिल्या. काहीच हललं नाही. “मी दाबतेय हो,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ही टाळाटाळ नव्हे, भीतीही नव्हे. सांध्यात पाणी साचलं की आवरणातल्या संवेदना मज्जारज्जूच्या पातळीवरच क्वाड्रिसेप्सला गप्प करतात. वाटीच्या आतल्या बाजूचा भाग, व्हास्टस मिडियालिस, तर २०-३० मिलिलिटर द्रवानेही मंद होतो. निरोगी गुडघ्यात इनमिन काही मिलिलिटरच वंगण असतं. हे मी त्यांना सविस्तर समजावलं, कारण आपल्याच इच्छाशक्तीत खोट आहे असं मानून बसलेला रुग्ण व्यायाम सोडतो. बर्फ, पाय उंच ठेवणं, विद्युत उत्तेजना, आणि आधी चांगली मांडी आवळून मग दुखरी आवळणं असं चालू ठेवलं. सहाव्या दिवशी वाटीच्या वर, आतल्या बाजूला, कातडीखाली एक बारीक थरथर दिसली. मी त्यांचा हात तिथे ठेवला.

वाटी रोज बोटांनी वर-खाली, आत-बाहेर हलवायलाही शिकवलं. वाटी हे शरीरातलं सर्वांत मोठं असं हाड आहे जे कंडरेच्या आत तयार होतं. ती क्वाड्रिसेप्सची कंडरा सांध्याच्या आसेपासून पुढे धरते आणि तरफेचा हात लांब करते. वाटी चिकटून बसली तर स्नायू परत येऊनही गुडघा शेवटचे अंश सरळ करू शकत नाही, आणि आमचा सगळा जीव त्या शेवटच्या अंशांतच अडकलेला होता.

बाकीचं वेळापत्रकाप्रमाणे झालं. ब्रेस सहाव्या आठवड्यात निघाला. तिसऱ्या महिन्यात टाचांमधला फरक २ सेंटीमीटरवर आला, जिने चढणं सोपं झालं, उतरणं सोपं व्हायला आणखी महिना लागला. उकिडवं बसणं चार महिने बंद होतं. आतल्या बाजूला गुडघ्याखाली तळहाताएवढा भाग बधिर राहिला आहे. तिथली त्वचेची बारीक नस टाके घालताना दुखावते, आणि तो बधिरपणा कदाचित पूर्ण जाणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे.

सहाव्या महिन्याच्या भेटीत टाचांच्या उंचीत फरक उरला नव्हता. मांडीच्या घेरात अर्धा सेंटीमीटर उरला होता. वाकणं १३५ अंश, डाव्या बाजूला १४५. पूर्ण उकिडवं बसताना आतून ओढल्यासारखं होतं, म्हणून ते अजून आधार धरूनच करायचं ठरलं, आणि वजन उचलून वळणं अजिबात नाही.

मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही गुडघ्यांवर स्वतः ठिपके काढले, वाटीच्या मध्यावर आणि खालच्या उंचवट्यावर. आधी डावा सरळ केला, मग उजवा, अगदी सावकाश, श्वास रोखून. शेवटच्या टप्प्यात उजव्या पायावरचा खालचा ठिपका बाहेर सरकला. डाव्याइतका नाही, त्याहून थोडा कमी.